लिंबूटिंबू नसलेले मैदान

मुलांच्या खेळात ‘लिंबूटिंबू’ नावाचे एक पद असते. जो वयाने लहान आहे किंवा प्रकृतीने नाजूक आहे, त्याला घालवून देणे बरे दिसत नाही, म्हणून खेळात घेतात. मात्र त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही आणि त्याने काढलेली धाव कोणी मोजत नाही. व्यवस्था दयाळू आहे, यात शंका नाही. पण चार वर्षांच्या धाकट्या भावंडासाठी योजलेले हे पद दहा-बारा वर्षांच्या मुलाला कायमचे चिकटले म्हणजे त्याचे काय होते, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांना रोज दिसते. ते चिकटवणाऱ्यांत शाळा आणि पालक यांच्याइतकाच आपला वैद्यकीय पेशाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी मी आधार घेणार आहे तो मात्र एका अनपेक्षित वस्तूचा, मुलांच्या एका व्हिडिओ गेमचा. स्मरणिकेच्या वाचकांनी भुवया उंचावल्या तरी चालतील. पुढे वाचावे एवढीच विनंती.

या खेळाचे नाव ‘बॅकयार्ड बेसबॉल’. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९२ मध्ये रॉन गिल्बर्ट आणि शेली डे यांनी स्थापन केलेल्या ‘ह्युमंगस एंटरटेनमेंट’ या कंपनीने तो १९९७ मध्ये काढला. पुढे त्याच मुलांना घेऊन फुटबॉल, सॉकर आणि बास्केटबॉलचेही खेळ निघाले. नव्वदीच्या अखेरीस अमेरिकेत वाढलेल्या आपल्या पुतण्या-भाच्यांपैकी अनेकांना तो पाठ असेल. माझा परिचय तसा उशिराचा. ‘प्लेग्राउंड प्रॉडक्शन्स’ या कंपनीने मालिकेचे हक्क घेऊन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मूळ खेळ आजच्या संगणकांसाठी पुन्हा उपलब्ध केला, तेव्हा तिकडच्या एका भाच्याने तो माझ्या संगणकावर बसवून दिला. बेसबॉलचे नियम मला आजही पुरते कळत नाहीत. मी खिळून राहिलो ते त्यातल्या मुलांमुळे.

गल्लीतली तीस मुले आहेत. मुलगे आणि मुली, सारे एकाच मैदानावर. दोन कप्तान आळीपाळीने एकेक भिडू निवडतात आणि नऊ-नऊ जणांचे संघ तयार होतात. प्रत्येक मुलाचे फलंदाजी, धावणे, चेंडू टाकणे आणि क्षेत्ररक्षण या चार बाबतींतले बळ दाखवलेले असते. एवढ्यावर भागले असते, तर तो आकड्यांचा खेळ झाला असता. रचनाकारांनी प्रत्येक मुलाला स्वभाव दिला, बोलण्याची ढब दिली, फलंदाजीला येताना वाजणारी स्वतःची धून दिली, कोणाला भाऊ दिला तर कोणाला बहीण. लुॲन ही चिमुरडी आपले टेडी अस्वल सोडत नाही. मार्की अनवाणी फिरतो आणि बेडकांत रमतो. लीसा जवळजवळ बोलतच नाही. अख्मेद खानच्या कानांवरचे हेडफोन कधी उतरत नाहीत आणि त्याचा धाकटा भाऊ आमिर खान (नाव वाचून दचकू नये, हा गल्लीतलाच एक मुलगा आहे) दादाच्या संघात असला म्हणजे अधिक चांगला खेळतो. भावंडांना एकत्र घेतले की त्यांचा खेळ उंचावतो, हे त्या संगणकाच्या हिशेबातच घातलेले आहे. आपण बाह्यरुग्ण विभागात भावंडांविषयी किती वेळा विचारतो?

माझे लक्ष विशेष गेले ते तीन मुलांकडे. पहिला केनी कावागुची. हा चाकाच्या खुर्चीवर आहे. तो चेंडू टाकतो, फटका मारतो आणि खुर्ची पळवत एका बेसवरून दुसऱ्या बेसवर जातो. त्याची बहीण व्हिकी बॅले नाचणारी. दोघे एका घरातली आहेत, हे खेळ कोणत्याही सुस्काऱ्याशिवाय सांगतो. केनीची खुर्ची कशामुळे आली, अपघाताने की जन्मजात विकाराने, याविषयी खेळात एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणून माझा जीव प्रथम त्याच प्रश्नात अडकला, हे सांगायला हवे. पण निवडणाऱ्या कप्तानाला त्या माहितीची गरज नसते. त्याला एवढेच हवे असते की हा चेंडू कसा टाकतो.

दुसरा मायकी थॉमस. याचे नाक सदैव वाहते. खेळाच्या भाषेत याला ‘कायमची सर्दी’ आहे. आपल्या भाषेत बहुधा ॲलर्जिक ऱ्हायनायटिस किंवा वाढलेले ॲडिनॉइड. धावण्यात तो अगदीच मंद, पण फटका असा जोरकस की अनुभवी कप्तान त्याला सोडत नाही. तिसरा पाब्लो सांचेझ. ठेंगणा, पोट थोडे सुटलेले. पहिल्या खेळात तो फक्त स्पॅनिश बोलतो, बाकी मैदान इंग्रजी. वजन-उंचीच्या तक्त्यावर ठेवला, तर आपल्यापैकी निम्मे जण त्याच्या आईला आहाराचा कागद लिहून देतील. आणि हाच त्या तिसांतला सर्वोत्तम खेळाडू! अमेरिकेत त्या पिढीची माणसे आज चाळिशीकडे झुकली, तरी पाब्लोचे नाव काढताच खुलतात.

पाब्लोच्या भाषेचा मुद्दा आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्यात राहिलेल्या मराठी माणसांना वेगळा समजावून सांगायला नको. घरात एक, शाळेत दुसरी आणि मैदानावर तिसरी भाषा बोलत आपण वाढलो. ज्या मुलाला मैदानाची भाषा येत नाही, त्याला ‘मंद’ ठरवायला वेळ लागत नाही. आज ती पाळी बांधकामावर आलेल्या मजुरांच्या मुलांवर येते. पाब्लोला कोणी इंग्रजी येण्याची अट घातली नाही.

येथे एक ऐतिहासिक तपशील मला मोठा बोलका वाटतो. २००० मध्ये निघालेल्या आवृत्तीत अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधले नामवंत खेळाडू आणले गेले: केन ग्रिफी ज्युनिअर, कॅल रिपकेन ज्युनिअर, रँडी जॉन्सन वगैरे. मैदान मुलांचे, म्हणून या मोठ्या माणसांना लहान करून दाखवले. पण लोकांच्या मनात राहिला तो कल्पनेतला पाब्लोच. मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान आवृत्ती नव्हे, हा बालरोगशास्त्राचा पहिला धडा आपण औषधाची मात्रा काढताना गिरवतो आणि मुलाचे माणूसपण मोजताना विसरतो. ते मूळचे तीसजण मुलेच म्हणून जन्माला आले होते. त्यांना रुसवे होते, खोड्या होत्या, मैत्री होती. आकुंचित केलेल्या तारांकितांजवळ कीर्ती होती.

खेळ निर्दोष आहे असे नाही. श्रीमंत मुलगा म्हणजे कपड्यांना माती लागू न देणारा, संगणकवेडा म्हणजे चष्मेवाला, सदा भुकेला असा एकजण हवाच, ही ठोकळेबाज चित्रे आहेत. पीट व्हीलर हा सर्वांत वेगवान धावपटू, पण डोक्याने जरा कच्चा, आणि त्यावर विनोद होतात. असा मुलगा माझ्याकडे आला, तर मी आधी त्याचे कान आणि डोळे तपासीन, मग अध्ययन-अक्षमतेची चाचणी सुचवीन, हसणार नाही. शिवाय केनीची खुर्ची मातीत, वाळूत कोठेही सुरळीत पळते. खऱ्या खुर्चीची चाके रुततात, आणि शाळेच्या मैदानाकडे उतरणाऱ्या पाच पायऱ्यांनीच अनेकांचा खेळ सुरू होण्यापूर्वी संपतो. आणि हे सारे मुलाने खोलीत खुर्चीवर बसून पाहायचे, ही विसंगती तर उघडच आहे. पडद्यासमोरची वेळ कमी करा, असे दिवसातून वीस वेळा सांगणाऱ्या मी या खेळाची भलावण करावी याचे काही मित्रांना हसू येईल. मी मुलांना तो खेळायला सांगत नाही. मी डॉक्टरांना त्यातली निवड कशी होते ते पाहायला सांगतो आहे.

आता आपल्या टेबलाकडे येतो. ‘सदर विद्यार्थ्यास खेळातून व शारीरिक शिक्षणातून सूट देण्यात यावी’, हे एका ओळीचे प्रमाणपत्र आपल्या पेशाइतकेच जुने आहे. आई काळजीत असते, शाळेला जबाबदारी नको असते, बाहेर रांग लागलेली असते आणि सही करायला दहा सेकंद लागतात. त्या ओळीला बहुधा मुदत नसते. दम्याच्या एका झटक्यावर दिलेली सूट दहावीपर्यंत चालते. मूल वर्गात एकटे बसते किंवा मैदानाच्या कडेला धावसंख्या लिहायला बसवले जाते. माझ्या पाहण्यातल्या चाकाच्या खुर्चीवरच्या जवळपास प्रत्येक मुलाने ती वही सांभाळली आहे. केनीच्या हाती ती वही कोणी दिली नाही.

वैद्यकीय कारणे खरी असतात, हे कोण नाकारील? महाधमनीची झडप तीव्र आकुंचित असेल, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असेल, संधिवाताच्या तापात हृदयाला नुकतीच सूज आली असेल, तर विश्रांती आणि निर्बंध अनिवार्यच आहेत. तेथे भावनेला जागा नाही. पण आपल्या सूट-प्रमाणपत्रांत अशी मुले किती असतात? नियंत्रित दम्याच्या मुलाला नियमित औषध, खेळापूर्वी दहा-पंधरा मिनिटे सालब्युटामॉलचा इन्हेलर, हळूहळू अंग गरम करणे आणि खिशात इन्हेलर एवढ्यावर बहुतेक खेळ खेळता येतात. टाइप-१ मधुमेहाच्या मुलाने खेळाआधी साखर तपासावी, इन्सुलिन आणि खाण्याचा मेळ घालावा, साखर खिशात ठेवावी आणि हे जाणणारा एकतरी शिक्षक मैदानावर असावा. अपस्माराविषयी आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेच्या गटाने २०१६ मध्ये खेळांची धोक्यानुसार तीन वर्गांत विभागणी केली, तिचा हेतूच सरसकट बंदी टाळण्याचा होता. पोहताना देखरेख हवी, उंचावर चढण्याचा प्रश्न निराळा. पण म्हणून त्याच मुलाला खो-खोच्या मैदानातून का उठवायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सांगितली, आणि दिव्यांग मुलांसाठीही तेवढीच सांगितली. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे १६ वे कलम तर शाळांना बजावते की शिक्षणाबरोबर क्रीडा आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी. आपली एका ओळीची सही शाळेला या बंधनातून अलगद सोडवते, याकडे आपले लक्ष जात नाही.

कॅनडातील पीटर रोझेनबाम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ मध्ये अपंग मुलांकडे पाहण्यासाठी सहा शब्द सुचवले: कार्य, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य. इंग्रजीत हे सहाही शब्द ‘एफ’ने सुरू होतात, म्हणून लेखाच्या शीर्षकात त्यांनी जरा वात्रटपणाही केला आहे. त्यांतले ‘मित्र’ आणि ‘मौज’ हे शब्द आपल्या केसपेपरवर कोठे येतात? आपला केसपेपर सुरू होतो तक्रारीपासून, आणि संपतो औषधांवर. मध्ये मूल असते. पण ‘नऊ वर्षांचा पुरुष रुग्ण’ म्हणून. गल्लीतल्या त्या तीस मुलांची ओळख उलट क्रमाने होते. आधी नाव, मग त्याला काय आवडते, कोणाशी त्याचे जमते, तो कशात चांगला आहे, आणि ओघात कळते की नाक वाहते किंवा खुर्चीवर बसतो. विद्यार्थ्यांना केस लिहायला शिकवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी या क्रमाचा प्रयोग एकदा करून पाहावा. वेळ फारसा लागत नाही. ‘मैदानावर तू काय करतोस?’ हा प्रश्न स्टेथोस्कोप कानाला लावता लावता विचारता येतो, आणि उत्तरातून श्वासनलिकांविषयीही बरेच कळते.

जूनमध्ये शाळा उघडल्या की सूट मागणाऱ्यांची रांग लागते आणि क्रीडादिनाच्या सुमारास ती पुन्हा वाढते. या शहराला प्राध्यापक माणिकरावांच्या आखाड्याची परंपरा आहे, तरी ही रांग येथेही लागतेच. सूट मागणाऱ्या आईला मी परत पाठवत नाही. तिची भीती खरी असते. फक्त ‘सूट’ हा शब्द न वापरता चार ओळी लिहून देतो. हा मुलगा काय काय खेळू शकतो, ही पहिली. खेळताना कोणती काळजी घ्यावी आणि त्रास झाल्यास शिक्षकांनी काय करावे, ही दुसरी. हे पत्र कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, ही तिसरी. चौथी ओळ मी मुलाला विचारून लिहितो: संघात त्याला कोणती जागा हवी आहे. थोडा वेळ तो आईकडे पाहतो, मग बोलतो. बहुतेकांना बॉलिंग हवी असते.