कळसूबाई : चढण्यापूर्वी करावयाचा हिशेब

पावसाचा जोर धरला की नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील अनेक व्यापारी घरांत एक बेत ठरू लागतो. दुकानाच्या साप्ताहिक सुटीला जोडून एखादा दिवस काढावा, दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाडी करावी आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर एकदा पाहून यावे. बेत उत्तम आहे. शिखर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे, वाट मळलेली आहे आणि अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. पण या तीन सोयींमुळेच पुष्कळ मंडळी कोणतीही तयारी न करता निघतात. चढाई सोपी आहे असे ऐकलेले असते. ती कोणासाठी, कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी सोपी आहे, हे मात्र विचारले जात नाही.

कळसूबाईची उंची समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट आहे. राज्यातील सर्वांत उंच किल्ला असलेला बागलाणातील साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा ७९ मीटरने कमी भरतो. शिखराच्या पायथ्याशी बारी हे गाव आहे. येथून जाणारी वाट सर्वाधिक रुळलेली आहे. हा सारा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. जवळच भंडारदऱ्याचे धरण आहे. प्रवरेवरील हे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर जिल्ह्याच्या उत्तर भागातील ऊसशेती उभी राहिली. त्यामुळे या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाशी नगर जिल्ह्यातील बाजारपेठांचे नाते जुने आहे.

या पावसाचे प्रमाण प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नगर शहर पर्जन्यछायेत असल्याने तेथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. घाटघर, रतनवाडी या सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांत मात्र तो काही हजार मिलिमीटर पडतो. नगरच्या आकाशाकडे पाहून अकोल्याच्या डोंगरांचा अंदाज बांधणे म्हणूनच फसवे ठरते. घरून निघताना कोरडे ऊन आणि बारीत पोहोचताच दहा पावलांपलीकडचे दिसू नये असे धुके, हा अनुभव पावसाळ्यात नित्याचा आहे.

हिमालयात जाऊन आलेली तरुण मंडळी कळसूबाईकडे थोडी उपेक्षेने पाहतात. येथे हिम पडत नाही, प्राणवायू विरळ होत नाही, हे खरेच आहे. एव्हरेस्टची उंची ८८४८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या पाचपटीहून अधिक. परंतु हिमालयातील बर्फ जे काम करतो, तेच येथे पाऊस, धुके आणि वारा करतात. ते वाट निसरडी करतात, दिशा हरवतात आणि शरीरातील उष्णता हिरावून घेतात. बर्फाच्या वाटेवर पहाटेच निघण्याचा दंडक आहे, कारण सकाळी बर्फ घट्ट असतो आणि दुपारी तो भुसभुशीत होऊन पाय रुतू लागतात. सह्याद्रीतही पहाटे निघावे लागते. कारणे मात्र निराळी आहेत.

ती समजण्यासाठी वेळेचा ताळेबंद मांडून पाहावा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा ठोकताळा सांगितला. सपाटीच्या दर पाच किलोमीटरना एक तास धरावा आणि चढाच्या दर सहाशे मीटरना आणखी एक तास मिळवावा. बारी ते शिखर ही वाट एका बाजूने सुमारे सहा किलोमीटरची आणि चढ आठशे ते नऊशे मीटरचा आहे. अंतरापोटी सव्वा तास आणि चढापोटी जवळजवळ दीड तास, असे मिळून पावणेतीन तास होतात. हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा झाला. दुकानाच्या गादीवर बारा तास बसणारे गृहस्थ, गुडघे कुरकुरणाऱ्या काकू आणि आठ वर्षांची नात एकत्र असतील, तर चढाईला किमान चार तास धरावे. माथ्यावर अर्धा तास आणि उतरताना तीन तास. साडेसात तास झाले. सुटीच्या दिवशी शिड्यांपाशी लागणाऱ्या रांगेसाठी आणखी एक तास राखून ठेवला, तर साडेआठ तास होतात.

आता नगरहून पहाटे पाचला निघालेली गाडी पाहावी. संगमनेर, अकोले, राजूर असा प्रवास करीत, चहा-न्याहारीसाठी थांबत ती बारीला साडेनऊच्या पुढे पोहोचते. गाडी लावून चढायला सुरुवात होईपर्यंत दहा वाजतात. दहात साडेआठ मिळवले की संध्याकाळचे साडेसहा होतात. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे शेवटचा उतार अंधारात पडतो. पावसाळ्यात सूर्य सात वाजता मावळत असला, तरी ढग आणि धुक्यामुळे साडेपाचलाच काळोख दाटू लागतो. भुकेलेली मुले, थकलेले गुडघे, ओली वाट आणि भ्रमणध्वनीच्या दिव्यावर शोधलेली पावले, असा दिवसाचा शेवट होतो. यात दुर्दैवाचा भाग थोडाच असतो. तो बेरजेचा परिणाम असतो आणि घरी बसून आधीच दिसू शकतो.

यावर उपाय साधा आहे. आदल्या रात्री बारीत किंवा भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात मुक्काम करावा आणि सकाळी सहाला चढायला लागावे. मग सावकाश चालूनही मंडळी दुपारी अडीचपर्यंत खाली येतात. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नेम असणाऱ्यांनाही हेच वेळापत्रक मानवते. बारीतील घरांत जेवणाची सोय होते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्यास ते आदल्या दिवशीच सांगावे. ऐनवेळी सांगितल्याने यजमान माउली अडचणीत येते आणि पाहुणे उपाशी राहतात. चढताना दशम्या, खाकरा, शेंगदाण्याचे लाडू, खजूर असे न सांडणारे पदार्थ जवळ ठेवावेत. प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर घ्यावे. वरच्या टप्प्यावर विहीर आहे आणि वाटेत सरबताच्या टपऱ्याही असतात, पण त्यांच्या भरवशावर निघू नये.

वाटेचे स्वरूपही समजून घ्यावे. प्रारंभी भातखाचरांच्या कडेने सौम्य चढ आहे. पुढे एक लहान मंदिर लागते, तेथून दगडी पायऱ्या आणि खडकाळ टप्पे सुरू होतात. तीन-चार ठिकाणी कड्याला लोखंडी शिड्या आहेत आणि काही जागी कठडे व साखळ्या आहेत. काळा कातळ कोरडा असताना पायाला भक्कम धरतो. त्यावर शेवाळ धरले की तोच कातळ तेल लावलेल्या फरशीसारखा होतो. गुळगुळीत तळव्याची पादत्राणे, चपला किंवा नवे कोरे बूट येथे चालत नाहीत. शिडीवरून उतरताना दरीकडे तोंड न करता शिडीकडे तोंड करावे. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन अवयव नेहमी टेकलेले असावेत. लहान मुलाच्या पुढे आणि मागे एकेक मोठे माणूस हवे. छत्री घेऊ नये, कारण हात अडकतो आणि वाऱ्याने तोलही जातो. छायाचित्रासाठी शिडीवर थांबणे म्हणजे मागील वीस माणसांना ओल्या कातळावर ताटकळत ठेवणे होय.

शिखराचा माथा लहान आहे. तेथे कळसूबाईचे छोटे मंदिर आहे आणि नवरात्रात देवीची मोठी जत्रा भरते. कळसू नावाच्या मुलीने केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर घरकाम पत्करले, ती अट मोडली गेली तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली, अशी लोककथा या भागात सांगतात. हवा स्वच्छ असता पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग, दक्षिणेस रतनगड आणि हरिश्चंद्रगडाची रांग व खाली भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. मात्र वाऱ्याला अडविणारे माथ्यावर काहीच नाही. उंचीप्रमाणे दर हजार मीटरना तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. नगर शहर सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे, म्हणजे नगरपेक्षा शिखरावर सहा-सात अंश कमी धरावेत. त्यात अंगावरचे सुती कपडे भिजलेले असतील आणि वारा वाहत असेल, तर भर पावसाळ्यातही माणूस थंडीने काकडून बधिर होऊ शकतो. बोलणे अडखळू लागले किंवा पाय नीट पडेनासे झाले, तर तो केवळ थकवा समजू नये. कोरडे कपडे घालावेत, गोड काही खायला द्यावे आणि त्या व्यक्तीला घेऊन ताबडतोब उतरावे. त्यासाठी कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा.

विजेचा धोका वेगळा लक्षात ठेवावा. तो श्रावणातील संततधारेपेक्षा वळवाच्या आणि परतीच्या पावसात अधिक असतो, म्हणजे एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर. असे ढग बहुधा दुपारनंतर जमतात. उघडा माथा आणि लोखंडी शिड्या यांहून अयोग्य जागा अशा वेळी दुसरी नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना वीज सुमारे एक किलोमीटर दूर असते. हा आकडा तीसच्या आत आला तर माथा आणि शिड्या यांपासून दूर जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत शिडीला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप विजेची सूचना देते. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. शिखर कोठे जात नाही.

ऋतूंची निवड करायची झाल्यास, सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. वाट कोरडी असते, हवा स्वच्छ असते आणि दूरवरचे दिसते. सप्टेंबरच्या अखेरीस रानफुलांनी उतार पिवळे होतात, तो काळही सुंदर असतो. मार्चनंतर सावली नसलेल्या चढावर ऊन असह्य होते. जुलै-ऑगस्टमधील सुट्यांचे दिवस, विशेषतः स्वातंत्र्यदिनाला लागून आलेला शनिवार-रविवार, वृद्ध व बालके बरोबर असताना टाळावा. त्या दिवशी पावसापेक्षा गर्दीचाच धोका मोठा असतो.

प्रकृतीचा प्रश्न संकोचाने झाकला जातो, तो झाकू नये. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि औषधे सामानाच्या पिशवीत न ठेवता खिशात ठेवावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांना दीर्घ चालीमुळे साखर एकाएकी उतरण्याची शक्यता असते, हे बरोबरच्या एकाला तरी ठाऊक असावे. महिनाभर आधीपासून रोज चाळीस मिनिटे चालावे आणि जिने चढावे-उतरावे. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. वर एखाद्याचा पाय मुरगळला तर तेथे रस्ता नाही. सहा-आठ माणसांना आळीपाळीने त्याला उचलून त्याच शिड्यांवरून उतरवावे लागते. ११२ किंवा १०८ क्रमांकावर निरोप गेला तरी मदत पायीच वर येणार. आणि सर्वांत आधी धावून येतात ती बारीचीच माणसे. म्हणून गावातला वाटाड्या घेतला तर त्याच्याशी घासाघीस करू नये. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. ज्यांच्या खाचरांच्या बांधांवरून आपण चालतो, त्यांचे भातपीक तुडवू नये.

राहिला शेवटचा आणि सर्वांत कठीण मुद्दा, परतण्याच्या वेळेचा. ती वेळ घरीच ठरवावी आणि सर्वांसमक्ष सांगावी. सहाला निघालेल्या गटाने बारा वाजले की जेथे असेल तेथून मागे फिरावे, माथा समोर दिसत असला तरी. वर असताना हा निर्णय घेता येत नाही. कोणी म्हणतो, “एवढे आलो, आता थोडक्यासाठी कशाला परतायचे?” आणि बुडत्या उधारीत आणखी माल घालणाऱ्या दुकानदारासारखी सर्वांची अवस्था होते. झालेले श्रम परत मिळत नाहीत, पुढचे नुकसान तेवढे वाचविता येते, हे बाजारात प्रत्येकाला कळते. म्हणून गटातील एकाला, शक्यतो सर्वांत शांत स्वभावाच्या व्यक्तीला, मागे फिरण्याचा अधिकार आधीच द्यावा आणि तिचा शब्द अखेरचा मानावा. ज्या आजींना शिड्या झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी पहिल्या मंदिरापर्यंतचा चढही पुष्कळ आहे. मात्र त्यांना तेथे एकटे बसवून पुढे जाऊ नये. घरातील एकाने त्यांच्याजवळ थांबावे आणि पुढच्या खेपेस शिखराचा मान त्याला द्यावा.