अनुभवाचा दाखला कुठे मिळतो?

"सर, अनुभवाचा दाखला कुठे मिळतो?"

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने गेल्या महिन्यात हे विचारलं. आमच्या उर्दू शाळेतून दहावी, मग रोज एसटीने कॉलेज, केमिस्ट्रीत बी.एस्सी., प्रथम श्रेणी. लोटे परशुरामची एमआयडीसी घरापासून अर्ध्या तासावर. रसायनांच्या कारखान्यांची तिथे रांग आहे. तरी मुलगी वर्षभर घरी. जाहिरातीत पद 'ट्रेनी केमिस्ट' आणि खाली अट: किमान एक वर्षाचा अनुभव. म्हणजे माणूस शिकाऊ हवा, पण आधीच शिकलेला!

तिला हवा होता तो दाखला खरा नव्हता. थोडे पैसे दिले की कुठल्यातरी लेटरहेडवर 'आमच्याकडे काम केले आहे' असं लिहून मिळतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिच्या वर्गातला एकजण तसा दाखला लावून कामाला लागलाही होता.

मी 'नको' म्हणालो. ती म्हणाली, "मग काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "पदवी घे, पुढचं आपोआप होईल," असं तिला सांगणारा मीच होतो.

औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतला पहिला धडा असतो नोंदीच्या इमानदारीचा. वहीत आकडा चुकला तर खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा, सही आणि तारीख टाकायची. ज्या खोलीत असा नियम, तिच्या दारातच आपण मुलांना खोटा कागद दाखवायला भाग पाडतो. खोटं बोलणारा आत जातो, खरं बोलणारी घरी बसते. हा दोष त्या पोरांचा आहे का?

मी बी.एड. केलं तेव्हा सराव पाठ घ्यावे लागले. खरी शाळा, खरा वर्ग, मागच्या बाकावर निरीक्षक. पहिल्या पाठाला माझ्या हातातला खडू मोडला होता. पण नोकरीला गेलो तेव्हा मी वर्गासमोर उभा राहिलेला माणूस होतो. तो अनुभव मी बाजारातून आणला नव्हता, शिक्षणाने दिला होता. डॉक्टरलाही इंटर्नशिप असते. मग बी.एस्सी.च्या मुलीनेच अनुभव आभाळातून आणायचा का? कॉलेजात चार जणांत एक ब्युरेट. मुलाखतीत विचारतात, "एचपीएलसी चालवलंय का?" तिने ते यंत्र फक्त लांबून पाहिलेलं.

कायदा नाही असंही नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961चा आहे. 2014च्या दुरुस्तीने इंजिनिअरिंगबाहेरचे पदवीधरही त्यात आले. 2019च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. पदवीधराच्या किमान विद्यावेतनातला काही वाटा केंद्र सरकार देतं. मग ज्या कारखान्याने स्वतः कुणाला शिकवलं नाही, त्याला इतरांनी शिकवलेला माणूस मागायचा काय हक्क? आणि तीन वर्षांत या कायद्याचं नावही मुलांना न सांगणाऱ्या कॉलेजला काय म्हणायचं?

आता नावाचा प्रश्न. तो मी टाळणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले, तेव्हा मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं फार कमी वेळा आलं. 'अनुभव नाही' हे कारण अशा वेळी फार सोयीचं पडतं. ओळखीच्याला ती अट माफ होते, अनोळखी आडनावाला आडवी येते. म्हणूनच ही अट जाणं आपल्या मुलांसाठी जास्त गरजेचं आहे.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. दरवर्षी आपण दहावी-बारावीचे गुणगौरव करतो. शाल, ट्रॉफी, बॅनरवर वीस पाहुण्यांचे फोटो. पदवी झालेल्या मुलीला पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही. मुलगा असेल तर आखाताचा व्हिसा, मुलगी असेल तर स्थळ. एका समारंभाच्या मंडपाच्या खर्चात दोन-तीन मुलांचा काही महिन्यांचा प्रवास आणि डबा निघेल. आपल्यातले किती जण त्याच कारखान्यांत सुपरवायझर आहेत, ठेकेदार आहेत! त्यांनी साहेबाला एवढंच विचारावं, "आपल्याकडे शिकाऊ उमेदवार किती?" हा वशिला नाही, कायद्याची आठवण आहे.

मी त्या मुलीला घेऊन तिच्या कॉलेजात गेलो. शिकाऊ उमेदवारीच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर कॉलेजची नोंदणी आहे का, एवढंच विचारलं. कार्यालयातले लोक एकमेकांकडे बघत राहिले. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आता दर सोमवारी जाणार आहोत.

तिच्या फाईलमध्ये अनुभवाचा दाखला अजून नाही. ती पोच मात्र आहे, आणि ती खरी आहे.