टकळीच्या चकतीचे वजन

प्राचीन वैभवाचा विषय निघाला की आपण ढाक्याच्या मलमलीपासून पैठणीपर्यंत भरभरून बोलतो. त्या वस्त्रांसाठी लागणारे सूत कोणी व कशावर कातले, हे मात्र सहसा विचारले जात नाही. भारतात चरख्याचा पहिला निःसंदिग्ध उल्लेख सापडतो तो इसामीच्या १३५० मधील फारसी काव्यात. त्यापूर्वीची सहस्रावधी वर्षे देशाची लज्जा राखली ती टकळीने.

टकळीची काडी मातीत कुजते. उरते ती तिला गती देणारी चकती. भाजलेल्या मातीची, दगडाची, कित्येकदा फुटक्या खापराला घासून, मध्ये भोक पाडून केलेली. सूत सहसा टिकत नाही. मोहेंजोदडोला चांदीच्या पात्राला चिकटून सुती वस्त्राचा तुकडा वाचला आणि त्याची तपासणी आपल्या माटुंग्याच्या प्रयोगशाळेत झाली. प्रवरेकाठी नेवाशाला तांब्याच्या मण्यांत धागा टिकला. ही धातूची कृपा! इतरत्र साक्ष द्यायला चकतीच आहे. जड चकती जाड सुताला मानवते, तलम सुताला हलकी लागते; म्हणजे वजन कळले की सुताच्या जातीचा अदमास बांधता येतो.

हे काम किती मोलाचे मानले जाई, ते कौटिल्याकडून ऐकावे. अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. विधवा, अपंग स्त्रिया, कन्या यांजकडून सूत कातून घ्यावे व त्याचा तलमपणा पाहून वेतन ठरवावे, असे तो सांगतो. सूत घेऊन आलेल्या स्त्रीच्या मुखाकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला दंड, वेतनास विलंब करणाऱ्यालाही दंड. (आजच्या किती कारखान्यांना हा नियम पेलेल?)

असे असता आपल्या वस्तुसंग्रहालयांत तलवारीला दालन आणि चकतीला कोपरा! पुष्कळदा चिठ्ठीवर नुसते ‘मातीची चकती’ एवढेच. ना वजन, ना सापडल्याचा थर. प्रत्येक भोकाची चकती टकळीचीच असते असे नाही, काही खेळण्यातल्या गाड्यांची चाकेही असतात. म्हणून तर मोजमाप हवे. तिकडे गावोगावच्या पांढरीची टेकाडे मातीसाठी ट्रॅक्टरने उपसली जात आहेत. त्या मातीबरोबर चकत्याही शेतात पसरतात आणि कोणत्या थरातल्या, हे कायमचे पुसले जाते. गावच्या शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी स्वतः उकरू नये. परंतु उपसा दिसताच पुरातत्त्व विभागाला कळवावे, आणि वर पडलेली चकती दिसली तर जागा टिपून, किराणा दुकानातल्या काट्यावर का होईना, तिचे वजन लिहून ती विभागाच्या स्वाधीन करावी.