दिवा विझवू नका, कारण शोधा



गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. चालककाकांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. यंत्रावर 'पी ०१३५' हा कोड आला. मेकॅनिकने लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला. खर्च आम्ही पालकांनी वाटून घेतला. तिसऱ्याच दिवशी खानवेलच्या रस्त्यावर दिवा पुन्हा लागला. या वेळी गॅरेजमधून उत्तर मिळाले, "कोड पुसून देतो, घेऊन जा." गाडी चालत होती, शाळेची वेळ सांभाळायची होती, म्हणून आमच्यापैकी काहींना तेही पटले. ही चूक आमचीच होती, हे आधी कबूल करतो.

कोड म्हणजे काय, हे आम्ही समजून घेतले नव्हते. 'पी ०१३५' म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. हा सेन्सर धुराच्या नळीत बसतो आणि साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्यात छोटा हीटर असतो. हीटरला वीज मिळते ती फ्यूज, वायर आणि कनेक्टर यांतून. यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी कोड तोच येतो. म्हणजे कोड दोषाची गल्ली सांगतो, घर आपण शोधायचे असते.

दुसऱ्या एका मेकॅनिकने मल्टिमीटर लावला. कनेक्टरपर्यंत वीज पोहोचतच नव्हती. फ्यूज उडाला होता. तो का उडाला, हेही त्यांनी पाहिले. वायर गरम नळीला घासून तिचे आवरण वितळले होते. त्यांनी वायर बदलून नीट बांधली, नवा फ्यूज घातला आणि मगच कोड पुसला. जुना सेन्सर मोजला, तर त्याचा हीटर शाबूत निघाला! पैसे गेले ते गेलेच. पण वितळलेली वायर घेऊन आमची मुले रोज प्रवास करत होती, याचे वाईट अधिक वाटते.

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाले. गाड्यांमधील सेन्सर वाढले, तसे हे दिवेही आता घरोघरी दिसणार. तेव्हा काही गोष्टी सर्वांनी लक्षात ठेवाव्यात. कोड पुसण्याआधी तो लिहून घ्यावा. भाग बदलण्याआधी फ्यूज, वायर व कनेक्टर तपासायला सांगावे. पावसात कनेक्टरमध्ये पाणी जाते, उंदीरही वायरी कुरतडतात. दुरुस्तीनंतर कोड पुसला नसेल, तर दिवा काही फेऱ्या तसाच राहू शकतो. सामान्यतः लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर तो आपोआप विझतो. दिवा लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर करत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी पुढे दामटू नये.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, मुलांची ने-आण करणाऱ्या प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी. दिवा कधी लागला, कोड कोणता, काय तपासले आणि काय बदलले, एवढ्या चार नोंदी पुरेत. पालकांनी दहा मिनिटांच्या उशिरासाठी चालकांवर रागावू नये. गाडी थांबवून दोष पाहणारा चालक आपल्या मुलांचीच काळजी घेत असतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही विद्युत मंडल शिकता, ते हेच. पुढे तुमच्यापैकी कोणी आयटीआयला जाईल, कोणी पॉलिटेक्निकला. हातात कोड वाचायचे यंत्र आले, तरी मल्टिमीटर खाली ठेवू नका. यंत्राने सांगितलेले आधी तपासा, मगच भाग बदला.