गिझरचा घसारा

व्यापारी संस्था आपल्या यंत्रसामग्रीवर दरवर्षी घसारा आकारते. घराच्या जमाखर्चात मात्र ही तरतूद अभावानेच आढळते. मग गिझर ऐन डिसेंबरात गळू लागतो आणि नव्याची खरेदी घाईघाईने, बहुधा हप्त्यांवर होते. १२,००० रुपयांचा गिझर १० वर्षे टिकेल असे धरले, तर पहिल्या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाकलेले १०० रुपये पुरतात. भाववाढीचा थोडा भार व्याज उचलते.

मोठा खर्च दुकानात दिसतच नाही. ६० लिटर पाणी ३० अंशांनी तापवण्यास सुमारे २ युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये धरल्यास, रोज एवढे पाणी तापवणारे कुटुंब १० वर्षांत ५८,००० रुपयांहून अधिक विजेपोटी भरते. गिझरवरचे तारे टाकीतून वाया जाणाऱ्या उष्णतेपुरतेच बोलतात. पाणी तापताच बटण बंद करणाऱ्या घरात त्यांचे मोल थोडे. त्यापेक्षा पोलादी टाकीतील मॅग्नेशियमची कांडी वेळीच बदलणे हिताचे, कारण टाकीचा गंज ती स्वतःवर घेते.

टाकीला छिद्र पडले तर नवा गिझर अटळ आहे. कॉईल किंवा थर्मोस्टॅट बिघडल्यास मात्र तेवढाच भाग बदलून घ्यावा, विक्रेता काहीही सांगो.