वाडीला पैसे पाठवतो, मग हिशेबही विचारूया

जुबेल, दम्माम, रियाध, कुठेही जा, कोकणातला माणूस भेटतोच. गाव विचारलं की आधी तालुका सांगतो, मग गाव, आणि ओळख निघाली की वाडी. पण त्या वाडीसाठी ग्रामपंचायतीने यंदा काय केलं, असं विचारलं तर आपण बहुतेक सगळे गप्प!

आपल्याकडे अनेक ठिकाणी गट ग्रामपंचायत असते. दोन-तीन गावं, त्यांच्या डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, आणि कार्यालय एका गावात. जिथे मतं जास्त, तिथे रस्ता आणि नळ आधी पोचतो. लांबच्या वाडीत मतं कमी, कारण कर्ती माणसं मुंबईत नाहीतर इथे आखातात.

मग मे महिन्यात विहीर आटली की व्हॉट्सअॅपवर निरोप येतो, वर्गणी जमते, टँकर जातो. पाखाडी, देवळाचा मंडप, मशिदीची डागडुजी, सगळ्याला रियाल लागतात. यात वाईट काही नाही. पण पाणी आणि रस्ता हे पंचायतीचं काम. ते आपणच करत राहिलो, तर पंचायतीला जाब कोण विचारणार?

कोणी म्हणेल, लांब बसून बोलणं सोपं आहे. खरंय. २०१० च्या कायदादुरुस्तीने आपल्याला गावच्या मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला तिथे हजर राहावं लागतं. त्यासाठी रजा कोण देणार? शिवाय पैसे देणारा गावाचा मालक होत नाही. निर्णय तिथे राहणाऱ्यांनीच घ्यावा.

पण राहणाऱ्यांत आपली आई, बायको, वहिनी आहेतच की! वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची सभा. "पैसे पोचले का?" विचारतो, तसं "सभेला गेलीस का? पाण्याचा विषय मांडलास का?" हेही विचारूया. २०२० पासून ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च पाहता येतो. शुक्रवारच्या सुट्टीत मोबाईलवर दहा मिनिटं पुरतात. आपल्या वाडीचं नाव त्यात आहे का बघा, आणि नसेल तर ते पान घरी पाठवा. पुढच्या सभेत कुणीतरी ते वाचून दाखवू दे. वर्गणीचा निरोप त्यानंतर आला तरी चालेल.