पीएचडीनंतर रायगडातच थांबता यावं

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



मी पनवेलच्या एका शाळेत 30 वर्षं जीवशास्त्र शिकवलं. माझी एक विद्यार्थिनी हृदयाच्या स्नायूपेशींवर पीएचडी झाली. दिवाळीत भेटायला आली तेव्हा म्हणाली, "सर, इतकी वर्षं मी या पेशी वाढवल्या, पण हार्ट अटॅकचा पेशंट पहिल्यांदा पाहिला तो बाबांना आयसीयूत ठेवलं तेव्हा." बाबा तेव्हा 51 वर्षांचे होते. तिचं ते बोलणं मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण 53व्या वर्षी, इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी आलेला दिसला. असं का होतं, याचा एक धागा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना पुण्याजवळच्या खेड्यांत सापडला. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलोने हलकी, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुढे मधुमेह आणि हृदयविकार होण्याची तयारी पोटातच सुरू होते ती अशी. हे कळायला त्याच गावांत वर्षानुवर्षं जावं लागलं.

आपल्या रायगडाचंही उदाहरण आहे. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं, लहान मुलं त्यांच्यासमोर दगावत होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब टिपत राहिले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यावर लागू पडली. गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीस जायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 1982 आणि 1986 साली 'लॅन्सेट'ने हे काम छापलं. पण दर वेळी एका डॉक्टरने एकट्याने जिवाचं रान करावं, अशी अपेक्षा आपण किती दिवस धरणार?

खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक आहे. तिथे कर्करोगाची प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट एकाच आवारात आहेत. हृदयविकारासाठी तसं ठिकाण इथे माझ्या पाहण्यात नाही. देशातल्या दर चार मृत्यूंमागे किमान एक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतो, तरीही. खारघरलाच लहान मुलांच्या हृदयावर मोफत शस्त्रक्रिया होतात, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे, अलिबागला 2021पासून सरकारी महाविद्यालय आहे. रुग्ण आहेत, डॉक्टर आहेत. त्यांच्याजवळ बसून प्रश्न शोधणारा पीएचडीधारक तेवढा नाही.

विद्यापीठाने पीएचडीनंतरच्या संशोधकांसाठी हृदयविकाराची फेलोशिप सुरू करावी. ती पाच वर्षांची असावी. केंद्राची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते, आणि रुग्णांवरचा अभ्यास म्हटला की पहिलं वर्ष एथिक्स कमिटीच्या मंजुरीत आणि माणसं जमवण्यातच सरतं. प्रत्येकाला दोन मार्गदर्शक द्यावेत, एक शास्त्रज्ञ, एक हृदयरोगतज्ज्ञ. आठवड्यातले दोन दिवस ओपीडीत आणि इको काढतात त्या खोलीत जावेत. संख्याशास्त्र नीट शिकवावं. आपल्याकडे चांगली निरीक्षणं तिथेच वाया जातात. पैसे ठरल्या तारखेला मिळावेत. लग्नाच्या, मुलाबाळांच्या वयातली माणसं आहेत ही. आणि पाच वर्षांनंतर वैद्यकीय महाविद्यालयांत शास्त्रज्ञाचं पद असावं, नाहीतर शिकवून पुन्हा विमानतळावरच सोडायचं.

सुरुवात पाच जागांनी करा. एक अलिबागला द्या, एक पनवेल परिसरात. माझ्या विद्यार्थिनीला परदेशातल्या प्रयोगशाळेचं पत्र आलेलं आहे. तिला जानेवारीअखेर उत्तर कळवायचं आहे.

आपला,
पनवेलचा एक निवृत्त शिक्षक